झुंबर, पंखा आणि भाऊजींचं डोकं

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या नवीन फ्लॅटचं फर्निचरचं काम चालू आहे, म्हणाली तुमच्या डायनिंगवरचा तो पितळी रंगाचा लटकणारा लाईट कुठून आणलास, आणि एवढं सगळं केलंत तर मग हॉलमध्ये झुंबर का नाही लावलं? मी म्हणलं फोनवर सांगत बसले तर तुझी सहा पस्तीसची लोकल जाईल, लिहूनच काढते. तर हे घे. लांबलंय, चहा घेऊन बस.

आमचा फ्लॅट म्हणजे डोंबिवलीतला टू बीएचके. हॉल १० बाय १७, त्यातच शेवटच्या पाच-सहा फुटात डायनिंग टेबल, आणि छताची उंची साडेनऊ फूट, त्यातलं अर्धा फूट फॉल्स सीलिंगने खाल्लं म्हणजे राहिले नऊ. एवढ्याशा जागेत झुंबर हा विषय आला कुठून तर नवऱ्याकडून. आम्ही एकदा एलटीसीवर, म्हणजे नोकरीत मिळणाऱ्या प्रवास सवलतीवर, ग्वाल्हेरला गेलो होतो, तिथे जयविलास महाल बघितला, जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधलेला. त्याच्या दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं आहेत, प्रत्येकी साडेतीन टनांची. तिथे सांगतात की झुंबरं टांगायच्या आधी छताला वजन पेलतंय का हे बघायला वर हत्ती चढवले होते. नवरा मान वर करून इतका वेळ उभा राहिला की मुलीने दोनदा शर्ट ओढला. त्या दिवसापासून याच्या डोक्यात बसलं की आपलं घर झालं की हॉलमध्ये झुंबर. मी तेव्हा हो म्हणलं कारण तेव्हा घरच नव्हतं.

मग घर झालं.

माझी बँकेची ब्रँच फोर्टात, त्यामुळे लोहार चाळ मला पायी जाण्यासारखी. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, क्रॉफर्ड मार्केटच्या समोरच्या गल्ल्यांमध्ये शिरलं की वायर, स्विच, पंखे, दिवे यांचाच बाजार आहे, होलसेल आणि रिटेल दोन्ही. पुण्यातली लोकं तपकीर गल्लीत जातात तसं आमचं हे. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. आणि हातगाडीवाल्यांना वाट द्या नाहीतर ते तुमच्याकडून घेतात.

एका शनिवारी नवरा पण आला. दुकानात शिरलो तर छताला एक इंच रिकामी जागा नाही, दीड-दोनशे दिवे एकदम चालू, एसी असून कपाळाला घाम, आणि सगळंच सुंदर दिसतंय. हीच तर गंमत आहे. दोनशे दिव्यांच्या उजेडात कुठलाही दिवा चांगलाच दिसणार, लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्याच साड्या भारी वाटतात तसं. मी तिथल्या पोराला म्हणलं बाकी सगळं बंद कर आणि फक्त हा एक चालू ठेव. त्याने मालकाकडे बघितलं, मालकाने माझ्याकडे बघितलं, पण केलं बाबा बंद. आणि ज्या झुंबराकडे बघून नवरा अर्धा विरघळला होता ते एकटं चालू केल्यावर त्याच्याखाली उभ्या नवऱ्याच्या तोंडावर नुसत्या काळ्या पट्ट्या. दांड्यांच्या सावल्या. आम्ही दोघंही हसलो. मग उलट पण करायला सांगा, म्हणजे दिवा पूर्ण बंद करून बघायचा, कारण दिवसाचे बारा तास तो बंदच असणारे आणि तुम्हाला समोर तेच लटकलेलं दिसणारे.

तिथे सगळीकडे एक शब्द ऐकू येतो, के-नाईन. भाभी ये प्योर के-नाईन क्रिस्टल है. के-नाईन म्हणजे ऑप्टिकल काच, भिंगांना वगैरे वापरतात त्या जातीची, स्वच्छ आणि पैलू पाडलेली, जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असायचं तसं यात नसतं. वाईट अजिबात नाही, पण के-नाईन म्हणून ॲक्रिलिक पण गळ्यात मारतात. ओळखायचं कसं तर लोलक हातात घेऊन गालाला लावायचा. काच गार लागते आणि हाताला जड लागते, ॲक्रिलिक हलकं आणि कोमट. दोन लोलक एकमेकांवर हळूच आपटले तर काचेचा टिंग असा आवाज येतो, ॲक्रिलिकचा टक. मी भर दुकानात लोलक गालाला लावून उभी, तो पोरगा बघतच राहिला, पण त्यानंतर त्याने प्योर हा शब्द वापरला नाही हे मात्र खरं.

साईझचा एक हिशोब सगळेच सांगतात, खोलीची लांबी आणि रुंदी फुटात घ्यायची, बेरीज करायची, तितक्या इंचाचा व्यास. आमचं १० आणि १७ म्हणजे २७ इंच. आणि ज्याच्या खालून माणसं येजा करणार त्याचा तळ जमिनीपासून सात फुटांच्या वर पाहिजे. नऊ फुटातून सात गेले, उरले दोन फूट, म्हणजे दांडी-साखळीसकट चोवीस इंच उंचीचं झुंबर. नवऱ्याने लगेच मोबाईलवर काढून दाखवलं, बघ बसतंय! कागदावर बसत होतं हो. पण हे हिशोब ज्या लोकांनी काढलेत त्यांच्या घरात पंखा नसतो.

हे मी जरा जोर देऊन लिहितेय कारण इंटिरियरच्या फोटोंमध्ये पंखा कधीच दिसत नाही. तुम्ही बघा, एवढं मोठं झुंबर, खाली सोफा, कुंडीतलं झाड, आणि पंखा गायब. मे महिन्यात डोंबिवलीला या म्हणावं. आमच्या हॉलला दोन पंखे आहेत, एक सोफ्यावर आणि एक डायनिंगवर, आणि झुंबर लागणार त्यांच्या मधोमध. साधा घरातला पंखा १२०० एमएमचा म्हणजे चार फुटांचा. दोन पंख्यांमध्ये साडेआठ फूट अंतर, त्यातून दोन्हीकडची दोन-दोन फूट पाती वजा केली की उरले साडेचार फूट, त्यात २७ इंचाचं झुंबर टांगलं की दोन्ही बाजूला एक-एक फूट आणि वर बोटभर. मी दुकानातल्या पोराला विचारलं, ये पंखे से हिलेगा नहीं क्या? तो म्हणाला मॅडम, एसी लगाओ ना.

हलण्यापेक्षाही वाईट सावल्या. बल्ब पात्यांच्या वर असेल तर खाली जमिनीवर आणि भिंतीवर उजेड सारखा लपलप करतो. बल्ब पात्यांच्या खाली असेल तर तोच तमाशा छतावर. आणि आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, अर्धशिशी आहे.

पण नवऱ्याला असं सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. फ्रिजचं खोकं पडलेलं होतं, त्यातून मी २७ इंचाचा गोल कापला, चार बाजूंना सुतळी बांधली आणि काकांना, म्हणजे आमच्या इलेक्ट्रिशियन काकांना, सांगून दोन पंख्यांच्या मध्ये सात फुटावर टांगून घेतला. पुठ्ठा आणि काचेचं वजन सारखं नाही हे मलाही कळतं, पण डोळ्याला अंदाज येतो. पहिल्या दिवशी नवरा खूश, बघ काही अडत नाही. संध्याकाळी दोन्ही पंखे चारवर केले आणि तो पुठ्ठा असा काही गरगरायला लागला की मुलगी म्हणाली बाबा हा उडणारे. दुसऱ्या दिवशी टीव्हीसमोर बसल्यावर लक्षात आलं की आईंच्या खुर्चीतून टीव्ही बघताना वर सारखा तो पुठ्ठाच गरगरताना दिसतो. त्यांचं मालिकेत लक्षच लागेना. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दर थोड्या वेळाने मान वर करून बघायच्या आणि सुस्कारा टाकायच्या. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर पुठ्ठा खाली उतरवून घडी करून रद्दीत ठेवलेला. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

तर सांगायचं काय, झुंबर किंवा कुठलाही मोठा लाईट घ्यायच्या आधी त्या मापाचा पुठ्ठा दोन-तीन दिवस टांगून घरात वावरा. शून्य रुपये लागतात.

मध्ये एक पर्याय आला होता, फॅनडेलियर. म्हणजे झुंबरातच पंखा, बटण दाबलं की पाती बाहेर येतात आणि बंद केलं की आत मिटतात. आमच्या वरच्या मजल्यावर आहे. बघायला मजा येते, पाहुणे आले की ते मुद्दाम दोनदा चालू-बंद करून दाखवतात. पण पाती छोटी, त्यामुळे हवा आमच्या साध्या पंख्यासारखी लागत नाही, आणि त्यांच्या हॉलच्या कोपऱ्यात एक टेबलफॅन पण कायम चालू असतो. मी काही बोलले नाही, शेजारधर्म आहे.

झुंबर असं गेलं. पण फॉल्स सीलिंग झालेलं नव्हतं तेव्हाच डायनिंगवर एक लाईट पॉइंट काढून ठेवला होता ही देवाची कृपा, किंवा खरं म्हणजे काकांची. त्यांनी सीलिंगवाल्याच्या आधी येऊन विचारलं, ताई, भविष्यात इथे काही टांगणार का? जिप्समची शीट अर्धा इंच जाडीची असते, तिला वजन देऊन चालत नाही. हलका एक-दोन किलोचा दिवा असेल तर शीटच्या मागे प्लायचा तुकडा देतात, फ्रेमला पकडून. त्याच्या वरचं जे काही असेल ते थेट स्लॅबमधून घ्यायचं, ड्रिल मारून फास्टनर आणि त्याला हुक. काकांनी स्लॅबमध्ये फास्टनर मारला आणि मग शिडीवरून सरळ त्या हुकाला दोन्ही हातांनी लोंबकळले. साठीचा माणूस. मी ओरडले, अहो काका! ते खाली उतरून हात झटकत म्हणाले, आता काहीही टांगा. ग्वाल्हेरचे हत्ती मला तेव्हा आठवले. हो, आणि सीलिंग बंद करायच्या आधी मोबाईलवर वायरिंगचे आणि फ्रेमचे फोटो काढून ठेवा, नंतर ड्रिल मारताना उपयोगी पडतात.

पंख्याचं काय केलं? डायनिंगवरचा छताचा पंखा काढून भिंतीवर वॉल फॅन लावला. दिसायला गरीब दिसतो पण जेवताना वारा तोंडावर येतो आणि लाईट हलत नाही. बाजूला ओट्याकडून फोडणीचा धूर येतो तो पण जरा ढकलला जातो. ओट्याच्या वर मात्र लटकणारा दिवा चुकूनही लावू नका, फोटोत छान दिसतो, महिन्याभरात शेडवर तेलाचा चिकट थर आणि त्याच्यावर धूळ, मग ती घासायला निरम्याशिवाय पर्याय नाही आणि निरम्याने पॉलिश जातं.

आता लाईट. पहिला आम्ही ऑनलाईन घेतला. तीन रिंगा एकात एक, एकदम मॉडर्न, आत एलईडीची पट्टी कायमची बसवलेली, आणि थ्री इन वन. थ्री इन वन म्हणजे एकदा चालू केला की पिवळा, बंद करून परत चालू केला की पांढरा, परत केला की दोन्हीच्या मधला. ऐकायला भारी आहे. प्रत्यक्षात काय होतं की वीज जाऊन आली की निळसर पांढऱ्यावर, मग पिवळा यायला पटपट बटण दाबत बसा, मध्येच एखादा टप्पा चुकला की परत सगळं पहिल्यापासून. आईंना वाटायचं लाईट बिघडलाय. आणि चौदा महिन्यांनी तो खरंच बिघडला. आधी फडफडायला लागला, मग मेला. काका म्हणाले ड्रायव्हर गेला. एलईडीला थेट घरातली वीज चालत नाही, मध्ये एक छोटा डबा असतो तो करंट नियंत्रित करतो, तो ड्रायव्हर, आणि बऱ्याचदा एलईडीच्या आधी तोच जातो. ज्या साईटवरून घेतला तिथे विचारलं तर वॉरंटी एक वर्षाची, संपली, आणि सुटा ड्रायव्हर मिळणार नाही, नवीन लाईट घ्या म्हणे. काकांनी बाजारातून दुसरा ड्रायव्हर आणला तर तो त्या छताच्या वाटीत मावेना. असा तो लाईट आजही माळ्यावर आहे, नवऱ्याला टाकवत नाही.

म्हणून माझा आता हट्ट आहे, ज्यात बल्ब बदलता येतो तेच घ्यायचं. त्यातही बल्ब कुठला ते विचारा. आपल्याकडे घराघरात जो दोन पिनांचा होल्डर असतो तो बी-२२. फॅन्सी लाईटमध्ये बहुतेक चुडीवाला असतो, ई-२७ म्हणजे जाडा आणि ई-१४ म्हणजे बारीक, मेणबत्तीसारख्या बल्बांचा. ई-२७ आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. जी-९ नावाचा एक दाण्याएवढा बल्ब असतो, दोन बारीक तारांच्या आकड्यांचा, तो आमच्या इथे तरी शोधावा लागतो. झुंबरात असे बारा जी-९ असले की समजा दर दोन-तीन महिन्यांनी एक जाणार आणि तोंडात एक दात पडल्यासारखं झुंबर दिसणार.

दुसरा लाईट लोहार चाळीतूनच घेतला, एकटीने, ऑफिस सुटल्यावर. काचेची घंटेसारखी शेड, वरचा भाग पितळी रंगाचा, आत एक ई-२७. खोकं मोठं आणि हलकं, वर नाजूक असं लिहिलेलं. आणि मला ते घेऊन सीएसएमटीवरून डोंबिवली फास्ट पकडायची होती. ज्या बायकांनी संध्याकाळची ती गाडी केली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मी खोकं डोक्यावर धरून चढले. आत शिरल्यावर आमच्या ग्रुपमधल्या एकीने विचारलं काय गं टीव्ही घेतलास का? म्हणलं लाईट आहे काचेचा. झालं, दादरपर्यंत सगळ्या डब्याला कळलं होतं. चौथ्या सीटवरच्या मावशींनी खोकं मांडीवर घेतलं, म्हणाल्या उभी राहून फोडशील. मग उघडून दाखव, किती पडला, आतून सोनेरी आहे का. ठाण्याला चढलेल्या एका मुलीने शेडमध्ये वाकून बघितलं आणि म्हणाली काकू, तोंड खाली आहे ना याचं, बरं केलंत. आमच्याकडे वर तोंड असलेली वाटी आहे, पावसाळ्यात पहिल्या पावसानंतर ते पंखवाले किडे येतात ना, सगळे त्यात पडतात, खालून नुसते काळे ठिपके दिसतात, मम्मी म्हणते डिझाईन आहे म्हणून सांग. इतके दिवस दुकानांत हिंडले पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

साफसफाईचा मुद्दा तिथेच निघाला. मावशींच्या मुलीकडे झुंबर होतं, दिवाळीच्या आधी एक-एक लोलक काढून पुसायचे, एकशे चाळीस लोलक, कामवाल्या ताईंनी सरळ सांगितलं एकतर हे नाहीतर मी. मग त्यांनी एक युक्ती काढली, जुनी छत्री उलटी करून झुंबराखाली अडकवायची आणि पाणी-व्हिनेगरचा फवारा मारायचा, घाण पाणी छत्रीत. लाईट बंद करून, मेन स्विच खाली करून, हे वेगळं सांगायला नको. बांबू-वेताच्या शेड दिसायला इतक्या गोड असतात पण त्यांच्या फटीत जळमटं बसली की ब्रश घेऊन बसावं लागतं. आणि माझी बहीण रत्नागिरीला असते, समुद्राच्या अगदी जवळ, तिच्याकडच्या सोनेरी मुलाम्याच्या लाईटवर दोन वर्षांत हिरवे-काळे ठिपके आले, खाऱ्या हवेने. तिकडे काच किंवा सिरॅमिक बरं, किंवा सरळ खरं पितळ जे घासता येतं.

उजेडाचा रंग. हे मात्र सगळ्यांनी नीट ऐका. खोक्यावर के लिहिलेलं असतं, केल्विन. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, जुन्या बल्बसारखा. ४००० मधला. ६५०० म्हणजे ट्यूबलाईटचा पांढरा. आपल्याकडे पांढरा म्हणजे जास्त उजेड अशी समजूत आहे, आमच्या आईंची पण. मी डायनिंगवर आधी ६५०० लावून बघितला, वरण-भाताचं वरण राखाडी दिसत होतं, पोहे आजारी दिसत होते. ३००० लावला आणि त्याच पोह्यांवरची कोथिंबीर, हळद सगळं जिवंत झालं. दुसरा एक आकडा असतो सीआरआय, ८० बऱ्याच बल्बना असतो, ९० च्या वरचा मिळाला तर डायनिंगला आणि कपाटाजवळ तोच घ्या, रंग खरे दिसतात, नाहीतर आपण मोरपंखी समजून निळी साडी नेसून जातो. हे माझं झालेलं आहे. आणि एकाच खोलीत एक दिवा ३००० आणि दुसरा ६५०० असं करू नका, अर्धी खोली लग्नाची आणि अर्धी दवाखान्याची वाटते. अजून एक, अपारदर्शक शेडचा लटकता दिवा फक्त खाली उजेड टाकतो, टेबल झगमगतं आणि बाकी खोली अंधारी, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका, भिंतीवर किंवा छतात दुसरे दिवे लागतातच.

उंची. टेबलाच्या वरच्या पृष्ठभागापासून शेडच्या खालच्या कडेपर्यंत ३० ते ३६ इंच. आम्ही ३२ ठेवली. टेबल ३० इंच उंच म्हणजे शेडची कड जमिनीपासून ६२ इंचावर, पाच फूट दोन इंच. समोरासमोर बसलं तर एकमेकांचे चेहरे दिसतात, बल्ब डोळ्यात जात नाही, मुलगी पण तिथेच अभ्यासाला बसायला लागली. मी कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला, नणंदेने तीन बदाम पाठवले.

हे सगळं ऑगस्टपर्यंत.

मग गणपती आले. आमच्याकडे गौरी-गणपती असतात, मोठे दीर-जाऊ, त्यांची मुलं, नणंद, सगळे येतात, आणि एवढी माणसं मावायला दरवर्षी डायनिंग टेबल बेडरूममध्ये सरकवायचं आणि त्याच जागी मखरासमोर आरतीला उभं राहायचं. टेबल गेलं पण दिवा तिथेच. आरतीच्या जागेच्या बरोबर मध्ये, पाच फूट दोन इंचावर, काचेची घंटा. ३० इंच, ३६ इंच सांगणाऱ्या सगळ्या लोकांची टेबलं एका जागी कायमची उभी असणार, आपलं टेबल सरकतं हो. मी आल्या-आल्या सगळ्यांना सांगितलं सांभाळून. पहिल्या संध्याकाळी दोन भाच्यांनी आपटून घेतलं, नवऱ्याने त्याच्यावर लाल रिबीन बांधली. दुसऱ्या दिवशी आरती रंगात आली, टाळ, घंटा, सगळे टाळ्या वाजवतायत, आणि शेवटी आपण स्वतःभोवती गोल गिरकी घेतो ना, डोळे मिटून, तेव्हा भाऊजींनी घेतली. भाऊजी सहा फूट. ठण्ण. एक क्षण सगळ्यांना वाटलं घंटाच वाजली, मुलं तर आरती म्हणतच राहिली. काच फुटली नाही, भाऊजींच्या कपाळावर टेंगूळ. जाऊबाई बर्फ आणायला धावल्या आणि भाऊजी कपाळ धरून म्हणाले, अरे हा प्रसाद कुठल्या दुकानातून आणलात?

मी अशी काही शरमले.

रात्री सगळे झोपल्यावर आई पलंगावर बसून मला म्हणाल्या, अगं आमच्या गुहागरच्या घरी लामणदिवा होता माजघरात. त्याची साखळी वर आढ्यापर्यंत. रोज तिन्हीसांजेला सासूबाई त्या साखळीची कडी खालच्या खुंटीला लावून दिवा खाली घ्यायच्या, तेल-वात करायच्या, आणि मग कडी वरच्या खुंटीला लावून दिवा वर. कोणाचं डोकं लागलं नाही चाळीस वर्षांत. मी म्हणलं आई तो दिवा कुठे आहे? त्या म्हणाल्या कुठे म्हणजे, तुझ्याच माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत.

दुसऱ्या दिवशी ट्रंक काढली. माळ्यावर त्या मेलेल्या तीन रिंगांच्या लाईटच्या मागेच होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, काळा पडलेला, पण काय काम आहे त्याच्यावर. वर साखळीच्या टोकाला मोर, मग चपट्या कड्यांची साखळी, खाली पाच वातींची वाटी आणि तिच्या तळाशी तेल ठिबकलं तर धरायला एक बारकी थाळी. पुण्यात केळकर संग्रहालयात दिव्यांचा संग्रह आहे, शाळेच्या सहलीत बघितला होता, तिथे काचेआड असा दिवा बघताना कधी वाटलं नव्हतं की याला खुंट्या दोन लागतात आणि म्हणून तो चालतो. चिंच-मीठ लावून मी आणि जाऊबाईंनी दीड तास घासला.

गणपती गेल्यावर काकांना बोलावलं. लामणदिवा आता देवघरासमोर पॅसेजमध्ये आहे, कडेला, जिथून जायची वाट नाही तिथे, कार्तिकात आई रोज लावतात. आणि डायनिंगच्या दिव्याला काकांनी वायर दोन फूट जास्त दिली, तिच्या बाजूने पितळी साखळी सोडली आणि भिंतीच्या जवळ छताला अजून एक फास्टनर मारून तिथे दुसरा हुक लावला. रोज दिवा टेबलावर, आणि टेबल हललं की साखळीची कडी उचलून त्या दुसऱ्या हुकाला, दिवा वर आणि बाजूला. खर्च तीनशे रुपये आणि चहा. काकांनी दोन्ही हुकांना परत लोंबकळून बघितलं.

यंदा गणपतीत टेबल सरकवल्यावर सगळ्यात आधी नवऱ्याने कडी उचलून दिवा भिंतीकडे नेला. आरतीला भाऊजी आले, उभे राहिले, आणि टाळ हातात घ्यायच्या आधी एक हात वर करून हवेत चाचपडून बघितलं. मुलं फिस्सकन हसली. भाऊजी म्हणाले हसा, तुमची उंची वाढू दे मग बघतो, आणि तरीसुद्धा गिरकी घेताना त्यांनी एक डोळा उघडा ठेवला होता, मी बघितलं.